सांधा का धरतो

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणारा कोपर्निकस मार्ग मराठी माणसाच्या ओळखीचा आहे तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. त्याच रस्त्यावर फरीदकोट हाउस आहे आणि तिथे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं मुख्य पीठ बसतं. या न्यायाधिकरणाने २६ नोव्हेंबर २०१४ रोजी पंधरा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यांवर मनाई केली आणि ७ एप्रिल २०१५ रोजी दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी ही मर्यादा अमलात आणायला सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असं म्हटलं आणि डिसेंबरात हे संरक्षण बीएस-४ या धुराच्या मानकाच्या व त्यानंतरच्या गाड्यांपुरतं ठेवलं. हा सगळा वाद धुराचा आहे आणि दिल्लीचा हिवाळा पाहता तो व्हायलाच हवा होता. मात्र त्यातून एक समजूत लोकांच्या मनात घट्ट बसली, की गाडीचं वय म्हणजे नोंदणीच्या तारखेपासून मोजलेली वर्षं. धुराच्या बाबतीत ती निदान अंदाजापुरती चालते. गाडी वळवणाऱ्या यंत्रणेच्या बाबतीत ती चालत नाही. रबरी बूट फाटून पाणी आत गेलेला सात वर्षांचा बॉल जॉइंट दगडासारखा धरून बसतो आणि वेळच्या वेळी ग्रीस मिळालेला तीस वर्षांचा जोड ओढून सोडवणाऱ्या पुलरच्या दोन फेऱ्यांत सुटून हातात येतो. या प्रकरणात मला हेच मांडायचं आहे. स्टिअरिंगचा भाग अडकतो त्यामागे वय नव्हे, एक ठरावीक कारण असतं. ते कारण ओळखता येतं, आणि भाग कसा काढायचा हे त्या कारणावरून ठरतं. हातोडा किती मोठा आहे यावरून ते ठरवणं धोक्याचं आहे.

ही यंत्रणा तशी छोटीच. हातातल्या चाकापासून एक दांडा खाली जातो. अँबॅसिडर किंवा मारुती ८०० सारख्या गाडीत तो रॅक आणि पिनियनला मिळतो; कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमिअर पद्मिनीसारख्या गाडीत वर्म असलेल्या स्टिअरिंग बॉक्सला. तिथून टाय रॉड निघतात, त्यांच्या टोकांना टाय रॉड एंड म्हणजे बॉल जॉइंट असतात आणि ते चाकाजवळच्या स्टिअरिंग आर्मला जोडलेले असतात. ब्रेकला निदान हँडब्रेकचा आधार असतो. टाय रॉड एंड सुटला तर त्याच्या जागी काम करणारं दुसरं काही नसतं. म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियमांत या यंत्रणेसाठी स्वतंत्र नियम आहे. ९८ क्रमांकाचा हा नियम सांगतो, की स्टिअरिंगच्या चाकाचा मोकळा खेळ तीस अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडांचे बोल्ट किंवा पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. चाकाचा व्यास चाळीस सेंटिमीटर धरला, तर तीस अंश म्हणजे कडेवर मोजलेले दहा सेंटिमीटरहून थोडे जास्त. ही मर्यादा सैलच आहे. लहान गाडीत दोन-तीन सेंटिमीटरच्या पुढे खेळ गेला, की जोड उघडून बघायची वेळ आली असं मी मानतो. आणि उघडायला गेलं, की बहुतेक जुन्या गाड्यांत पहिली अडचण उभी राहते ती हीच: जोड सुटत नाही.

अडकणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला पाना लागत नाही. गाडी उतारावर किंवा चाकं वळवलेल्या स्थितीत उभी केली, की पुष्कळदा दुसऱ्या दिवशी इग्निशनची चावीच फिरत नाही. स्टिअरिंग लॉकची खुंटी दांड्याच्या खाचेत बसलेली असते आणि वळलेल्या टायरचा ताण त्या खुंटीला कडेने दाबून धरतो. माणूस चावीवर जोर लावतो आणि चावी वाकते, क्वचित कुलपात तुटते. खरं तर चावीचं काहीच बिघडलेलं नसतं. एका हाताने चाक किंचित डावी-उजवीकडे हलवून खुंटीवरचा भार काढला, की दुसऱ्या हातातली चावी दोन बोटांनी फिरते. या छोट्या गोष्टीत पुढचं सगळं आलं. जो भाग हलत नाही त्याला कोणीतरी धरून ठेवलेलं असतं. तो का धरला गेला हे शोधून ती पकड सोडवायची, की मग थोडा जोरही पुरतो. पकड तशीच ठेवून जोर वाढवला, तर सर्वांत कमजोर भाग मोडतो, आणि तो भाग आपल्याला काढायचा असतो तोच असेल असं नाही.

स्टिअरिंगमधली सर्वांत हट्टी पकड गंजाची नसतेच. ती टेपरची असते, आणि ती तयार करणाऱ्याने मुद्दाम ठेवलेली असते. टाय रॉड एंडची पिन सरळ नसते, खालच्या टोकाकडे निमुळती होत जाते. आर्मच्या टोकाला जे कडं असतं त्याचं भोकही त्याच मापाने निमुळतं असतं. हा उतार बहुधा आठास एक किंवा दहास एक असतो, म्हणजे आठ-दहा मिलिमीटर लांबीत व्यास एक मिलिमीटरने कमी होतो. आठास एक धरला, तर पिनेची एक बाजू मधल्या रेषेशी साधारण साडेतीन अंशांचा कोन करते. कोरडं पोलाद पोलादावरून आपोआप घसरायला आठ अंशांच्या आसपासचा उतार लागतो. साडेतीन अंशांवर ते घसरत नाही. म्हणून नट पूर्ण काढून टाकला तरी पिन भोकात बसलेलीच राहते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की गंजाने जाम झाली. ती जाम नाही, तिचं काम करते आहे. दहा मिलिमीटरच्या आट्यांवरचा नट चार किलोग्रॅम-मीटरने आवळला, तर पिनेवर साधारण दोन टनांची ओढ येते आणि पाचरीच्या नियमाने भोकाच्या भिंतींवरचा दाब त्याच्या काही पट होतो. सुतार लाकडात पाचर ठोकतो तेव्हा हेच घडतं. पाचर वर ओढून कोणी काढायला जात नाही. लाकूड बाजूने ठोकून सैल करायचं, ही गोष्ट सुताराला कोणी शिकवावी लागत नाही.

हीच गोष्ट गाडीच्या बाबतीत केली, की दोन हातोड्यांची रीत होते. तिच्याइतकी सुंदर रीत या कामात दुसरी नाही, असं मला मनापासून वाटतं. नट पूर्ण काढायचा नाही. दोन-तीन आट्यांवर ठेवायचा, म्हणजे पिन सुटल्यावर दांडा अंगावर येत नाही आणि आटेही वाचतात. मग पिनेला अजिबात न शिवता, कड्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने नेमका, कडक ठोका मारायचा. कडं गोल असतं. दोन बाजूंनी दाबलं, की ते क्षणभर लंबगोल होतं, दाबाच्या दिशेने चपटं आणि आडव्या दिशेने रुंद, आणि त्या क्षणात पिनेची भिंतीवरची पकड दोन बाजूंनी सुटते. टायर, स्प्रिंग आणि दांड्याच्या वजनाचा ताण पिनेवर आधीच असेल, तर तेवढ्यात ती निसटते. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला बहुधा ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि टाय रॉड नटावर लोंबकळतो. सगळ्यांचं लक्ष पिनेकडे असतं आणि हलवायचं असतं तिच्या भोवतालचं कडं. ज्या कोपर्निकसचं नाव त्या दिल्लीच्या रस्त्याला दिलं आहे, त्याने १५४३ च्या ग्रंथात आकाशाच्या बाबतीत असाच प्रश्न विचारला होता: हलतं आहे ते नेमकं कोण?

याच ठिकाणी कारण न ओळखता केलेलं काम कसं बिघडतं तेही दिसतं. नट काढून पिनेच्या आटे असलेल्या टोकावर खालून घाव घातले, तर टोक पसरतं, फुगतं, आणि मग टेपर सुटला तरी पिन भोकातून वर येत नाही. जो जोड फक्त तपासायला किंवा दुसरा भाग काढण्यासाठी सोडवायचा होता, तो आता नवा घ्यावा लागतो. लांब पहार घालून टाय रॉड उचकटायचा प्रयत्न केला, तर बहुतेक जोर रबरी बुश आणि स्प्रिंग गिळून टाकतात. पिनेपर्यंत पोचतो तो थोडाच, आणि तोही तिरपा. दोन दात असलेला फाळ बूट आणि आर्मच्या मध्ये ठोकायची पद्धत लवकर काम करते, पण ती रबरी बूट फाडते. जोड फेकूनच द्यायचा असेल तर चालेल. तो परत बसवायचा असेल तर बूट फाटला म्हणजे ९८ क्रमांकाच्या नियमातली टोपीच गेली, आणि पुढच्या पावसात पाणी आत. पुलर यापेक्षा चांगला, कारण त्याची ओढ पिनेच्या सरळ रेषेत पडते. तरीही नुसता पुलर आवळत राहिलं तर त्याचा स्क्रू वाकतो किंवा पिनेचं टोक चेपतं. पुलरने ताण द्यायचा, थांबायचं, आणि मग कड्याच्या बाजूला एक ठोका मारायचा. ओढ एकीकडून, पकड सोडवणं दुसरीकडून. दोन्ही एकत्र केलं की प्रत्येक थोडं पुरतं.

टेपर सुटला, की टाय रॉड एंड दांड्यावरून फिरवून काढायचा असतो, आणि इथे मात्र खरोखर गंज भेटतो. लोखंडाचा गंज होतो तेव्हा तो मूळ धातूपेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. आट्यांच्या फटीत ही वाढ जायला जागा नसते, म्हणून गंज स्वतःच पाचर बनतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथल्या हवेत मीठ असतं, आणि मिठाचा क्लोराइड गंजाचा वेग कितीतरी वाढवतो. दिल्लीची हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असते. तिथे धूळ आणि उन्हाने रबर तडकतं, पावसाळ्यात आणि धुक्याच्या दिवसांत ओल आत जाते आणि मग तळघरातल्या पार्किंगमध्ये महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत ती ओल तिथेच राहते. चालणाऱ्या गाडीत किंगपिन (ज्या पिनेभोवती पुढचं चाक वळतं ती) आणि तिचा बुश यांत ग्रीस फिरत राहतं. उभ्या गाडीत ते एका बाजूला साचतं आणि दुसरी बाजू कोरडी पडते. वयाच्या मर्यादेमुळे ज्या गाड्या न विकता, न चालवता झाकून ठेवल्या गेल्या, त्यांचे सांधे म्हणूनच रोज धावणाऱ्या टॅक्सीपेक्षा वाईट अवस्थेत सापडू शकतात. वर्षं तीच, जोड वेगळे.

गंजाला ठोका कमी आणि वेळ जास्त लागतो. गंज सोडवणारं पातळ तेल फटीत शिरतं ते केशाकर्षणाने, आणि त्याला तास लागतात, मिनिटं नाहीत. आधी तारेच्या ब्रशने आटे घासायचे, तेल घालायचं, हलके ठोके मारून गंजाचा थर तडकवायचा, पुन्हा तेल घालायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. ब्रशची पाच मिनिटं अनेक जण वाचवतात आणि मग बाहेरचा कचरा आट्यांत ओढला जाऊन नट अर्ध्यावर धरतो. नट हलायला लागला की एकदम सोडवत सुटू नये. पाव फेरा सैल, थोडा मागे, पुन्हा सैल, असं करत गेलं की गंजाची भुकटी बाहेर पडते. आणि एक गोष्ट अशी, जी न कळल्याने ताकदवान माणसंही हरतात: बऱ्याच गाड्यांत एका बाजूच्या टाय रॉडला किंवा दांड्याच्या एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणजे दांडा फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर सरकतात आणि टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल, जुळवता येतं. तिथे नेहमीच्या दिशेने जोर लावणं म्हणजे नट आणखी आवळणं. उघड्या आट्यांचा उतार कोणत्या बाजूला जातो हे टॉर्च लावून बघायला अर्धं मिनिट पुरतं. लॉकनट सैल करायच्या आधी उघडे आटे मोजून ठेवावेत किंवा रंगाची खूण करावी, म्हणजे नवा एंड जवळपास त्याच जागी बसतो आणि व्हील अलाइनमेंटपर्यंत गाडी सरळ जाते.

तेल हरलं की गॅस मारायचा, ही गॅरेजची पुढची पायरी. तापवल्याने काम होतं यात शंका नाही, आणि का होतं तेही साधं आहे. सोळा मिलिमीटरचं पोलादी भोक दोनशे अंशांनी तापवलं, तर ते साधारण ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं. माणसाच्या केसाच्या जाडीहून ही वाढ कमी आहे, पण गंजाचा थर तडकायला ती पुरते. अट एवढीच, की बाहेरचं कडं तापलं पाहिजे आणि आतली पिन थंड राहिली पाहिजे. ज्योत हळूहळू फिरवत बसलं तर दोन्ही सारखे तापतात आणि फायदा जातो. यातला धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. स्टिअरिंग आर्म घडवलेल्या पोलादाचा असतो आणि त्याला ताकद दिलेली असते ती ठरावीक तापमानाच्या उष्णतेच्या प्रक्रियेने. तो लालसर दिसायला लागेपर्यंत सहाशे अंशांच्या आसपास पोचलेला असतो, आणि तिथे ती प्रक्रिया पुसली जाते. थंड झाल्यावर आर्म पूर्वीसारखाच दिसतो. आतून तो पूर्वीचा राहिलेला नसतो. म्हणून माझं मत ठाम आहे: जो आर्म गाडीत राहणार आहे त्याला रंग येईपर्यंत तापवायचं नाही, आणि चुकून तापवला गेला तर तो आर्मही बदलायचा. ज्योतीजवळचं रबर जळतं, ग्रीस पेटतं आणि बंद बॉल जॉइंटमधलं ग्रीस तापून दाबाने फुटू शकतं, हे वेगळंच.

हातातलं चाक काढताना कारण पुन्हा बदलतं. तिथे दांड्यावर बारीक दाते असतात, त्यावर चाकाचा मधला भाग बसतो आणि वरून नट. हा मधला भाग ॲल्युमिनिअमचा असेल आणि दांडा पोलादी, तर दोन वेगळे धातू आणि थोडी ओल एवढ्यावरच गंजाचं नवं काम सुरू होतं. घामट हवेत वर्षानुवर्षं हात लागलेल्या चाकाखाली ते हमखास सापडतं. इथेही नट दोन आट्यांवर ठेवणं महत्त्वाचं, कारण दोन्ही हातांनी ओढताना चाक अचानक सुटलं तर ते थेट तोंडावर येतं. आधी दांड्यावर आणि चाकावर एकमेकांसमोर पंचने खूण करावी. मग चाक वर-खाली न ओढता डावी-उजवीकडे आळीपाळीने टोकांना धरून हलवावं. नाहीच सुटलं तर पुलर. दांड्याच्या टोकावर हातोडा मारण्याची सवय मात्र मोडायला हवी. अनेक गाड्यांत अपघाताच्या वेळी आत दबणारा दांडा असतो आणि त्यातल्या छोट्या प्लास्टिकच्या पिना ठोक्याने तुटू शकतात. बाहेरून काही कळत नाही, पण दांड्यात खेळ येतो आणि दबण्याची रचना बिघडते. एअरबॅग असलेल्या गाडीत तर बॅटरी सोडवून, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबूनच चाकाला हात लावावा. पद्मिनीसारख्या बॉक्सच्या गाडीत ड्रॉप आर्मवर, म्हणजे बॉक्सच्या बाहेर येणाऱ्या दांड्यावर बसवलेल्या आर्मवर, ठोकणंही असंच फसवं असतं. घाव आर्मवर पडतो, धक्का बॉक्समधल्या बेअरिंगला बसतो आणि नंतर सापडणारा खेळ ‘जुन्या गाडीचा’ म्हणून खपतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येतो तो कामाच्या ठिकाणाहून, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. आमचे वस्ताद चाळीस वर्षं एकाच हातोड्याने हेच काम करत आले, गाड्या चालल्याच ना? चालल्या. पण त्यांचं काम नीट बघितलं तर बहुतेक चांगले वस्ताद पिनेवर ठोकतच नाहीत, कड्यावरच ठोकतात. टेपर, घर्षणाचा कोन हे शब्द त्यांच्याकडे नसतील, कारण मात्र त्यांच्या हाताला ठाऊक असतं. तेव्हा हा आक्षेप माझ्या मुद्द्याच्या बाजूचाच पुरावा आहे. धोका त्यांच्याकडून नाही. तो त्यांचा हातोडा पाहिलेल्या, पण तो कुठे आणि का पडतो हे न पाहिलेल्या माणसाकडून आहे. गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून लागलेल्या मुलाला ‘मार जोरात’ एवढंच सांगितलं जातं आणि ठोक्याची जागा सांगायची राहून जाते. हे मराठीत लिहून ठेवायचं कारण माझ्या दृष्टीने तेच आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. जोड कापून काढा आणि नवा घाला. दिल्लीत कश्मीरी गेटला, पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकानंच दुकानं आहेत. टाय रॉड एंडच्या बाबतीत हे बरंचसं बरोबर आहे. खेळ आलेला एंड कापायला हरकत नाही, आणि ग्राइंडरने सावकाश कापणं हे गॅसने भाजण्यापेक्षा शेजारच्या आर्मला सुरक्षित असतं. पण कापताना ठिणगी आणि पातं जिथे लागतं तो भाग बहुधा कापायच्या भागाला चिकटलेला असतो, आणि तो परत वापरायचा असतो. आर्मच्या कड्यावर पात्याचा ओरखडा पडला, तर वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी त्या ओरखड्यापासूनच भेग सुरू होऊ शकते. शिवाय सगळ्याच गाड्यांचे सगळे भाग मिळत नाहीत. अँबॅसिडर २०१४ मध्ये थांबली, मारुती ८०० त्याच वर्षी, पद्मिनी त्याच्या किती तरी आधी. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. अशा गाडीचा मूळ ड्रॉप आर्म कापणं म्हणजे ज्यासाठी ती जपली, तीच गोष्ट गमावणं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. जुनी गाडी धूर सोडते, तिचे सांधे खिळखिळे असतात, मग ती दुरुस्त करून रस्त्यावर ठेवण्यापेक्षा भंगारात घालणंच समाजाच्या हिताचं नाही का? धुराबद्दल मी वाद घालणार नाही. लहान मुलांच्या फुप्फुसांपुढे जुन्या गाडीची हौस मोठी नाही. पण भंगाराच्या वाटेने सांध्यांचा प्रश्न सुटत नाही. दिल्लीतून वयामुळे बाहेर पडलेल्या कितीतरी गाड्या ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यांत जातात आणि तिथे पुढची अनेक वर्षं धावतात. फरीदकोट हाउसमध्ये ज्या वयाची चर्चा झाली ते वय कागदावर सोबत जातं. टाय रॉड एंडचा खेळ मात्र कागदावर नसतो. तो कोणीतरी गाडी जॅकवर उचलून, चाक दोन्ही हातांनी बाजूंना धरून हलवून पाहिला, तरच कळतो. फिटनेस तपासणीत हे खरोखर केलं जावं, आणि गाडी विकत घेणाऱ्याने ते स्वतःही करावं, ही मागणी धुराच्या नियमांच्या विरोधात नाही. ती त्यांच्या शेजारी ठेवायला हवी. गाडी किती वर्षांची, हा प्रश्न विचारून झाला की पुढचा प्रश्न असा असावा: तिचे जोड शेवटचे कधी उघडले होते?

कारण जोड उघडता येणं हेच त्याच्या तब्येतीचं लक्षण आहे. दर दोन-तीन वर्षांनी ज्याचा बूट तपासला, जिथे ग्रीस भरायचं निपल आहे तिथे जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं ग्रीस दिलं, त्याला काढायला गॅस लागत नाही. अडकलेला जोड म्हणजे बहुतेक वेळा कोणी बघितलाच नाही असा जोड. म्हणून तो सुटला, की काम संपलं असं समजू नये. सुटलेला जोड पुढच्या वेळी सुटेल असा बसवायचा असतो. टाय रॉडच्या आट्यांना घट्ट ग्रीस लावावं, म्हणजे पुढचा माणूस तेल घालून रात्र काढणार नाही. टेपरला मात्र ग्रीस लावू नये. पिन आणि भोक दोन्ही कापडाने पुसून कोरडे बसवावेत, कारण त्या साडेतीन अंशांची पकड घर्षणावरच उभी आहे; ग्रीस लागलं तर पिन जास्त खोल ओढली जाते आणि कड्यावर नको तेवढा ताण येतो. गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली शिरू नये, स्टँड लावावेत. आणि शेवटी खाचांच्या नटाची गोष्ट. ठरलेल्या जोराने आवळल्यावर नटाची खाच आणि पिनेचं भोक पुष्कळदा जुळत नाही. तेव्हा नट पुढे आवळून पुढची खाच जुळवावी, मागे सैल करून कधीही जुळवू नये, आणि त्या भोकात नवी स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवावीत. जुनी पिन सरळ करून परत वापरू नये.